सूचनेची पोच

तीर्थरूप विकिपीडियाच्या जुन्याजाणत्या संपादकांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, आपला छंद नवख्यांपासून पूर्ण सुरक्षित आहे, हे आपणांस अधिकृतपणे कळवावे. १५ जानेवारी २००१ला सुरू झालेल्या या विश्वकोशात कुणीही यावे, बेधडक हात घालावा, अशी आपली जाहीर भूमिका आहे. नवागतांना चावू नये, असे सांगणारे मार्गदर्शक पानही आपण फार पूर्वी लिहून ठेवलेत. असे पान लिहावे लागले यातच सगळे आले, असे काही कुजकट लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, आपल्याकडे दंश होतो हे लेखी कबूल करणारे छंदिष्टांचे दुसरे मंडळ दाखवा.

सूचना घेऊन येणाऱ्याची संभावना कशी करावी, याचा नमुना म्हणून टिमोथी मेसर-क्रूस यांचे प्रकरण अभ्यासाला लावायला हवे. शिकागोच्या हेमार्केट चौकात ४ मे १८८६ रोजी बाँब फुटला आणि कामगार चळवळीतल्या अराज्यवाद्यांवर खटला चालला. आपल्या विश्वकोशातल्या लेखात त्या खटल्याविषयी एक वाक्य होते: आरोपींचा बाँबशी संबंध दाखवणारा पुरावाच सरकार पक्षाने दिला नाही. या खटल्याची कागदपत्रे वर्षानुवर्षे चाळलेल्या या इतिहासाच्या प्राध्यापकाला ते खटकले, कारण खटल्यात ११८ जणांच्या साक्षी झाल्या होत्या. पुरावा पटण्याजोगा होता की नाही यावर खुशाल वाद घाला. पण पुरावाच नव्हता? त्यांनी वाक्य काढले, ते काही मिनिटांत जागच्या जागी परत आले. खटल्याच्या कागदपत्रांकडे बोट दाखवले, तर ती प्राथमिक साधने, चालत नाहीत. पुस्तक येऊ द्या, मग बघू, असे सांगण्यात आले. पुस्तक २०११मध्ये आले. तेव्हा कळले की बाकीची सगळी पुस्तके उलट सांगतात, म्हणजे हे अल्पमत, आणि अल्पमताला फाजील वजन देता येत नाही. शेवटी फेब्रुवारी २०१२मध्ये त्यांनी ही हकीकत ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’मध्ये छापली, तिचा बोभाटा झाला आणि विकिपीडियावरच्या त्या लेखावर नव्याने खल सुरू झाला.

न्यायाने बोलायचे तर यातला एकेक नियम बरोबर आहे. कळफलकामागे कोण बसले आहे हे आपल्याला दिसत नाही. आज इतिहासकाराचा शब्द मानला, तर उद्या आपल्याच पूर्वजांनी शिवरायांना मोक्याचा सल्ला दिल्याचे घरच्या कागदांवरून सिद्ध करणारा दारात उभा राहील. तेव्हा छापील, इतरांनी तपासलेल्या साधनांवर विसंबणे हेच शहाणपणाचे. आमचे कौतुक नियमांसाठी नाही. ते नियम एकेक करून, दरवेळी नव्या अडसरासारखे पुढे सरकवण्याच्या कसबासाठी आहे. ‘बहुतेक अभ्यासक असे मानतात, अलीकडच्या एका संशोधनाने त्यावर आक्षेप घेतला आहे’ या धर्तीचे वाक्य सगळ्या नियमांत बसले असते. ते सुचवायला एक उत्तर पुरले असते, पण तसे केले तर समोरच्याचे म्हणणे ऐकल्यासारखे झाले असते. त्याच वर्षी फिलिप रॉथ यांनाही हा अनुभव आला. ‘द ह्यूमन स्टेन’ ही त्यांची कादंबरी कोणावरून सुचली, याबद्दलची आपली माहिती चूक असल्याचे त्यांनी कळवले. लेखक असलात तरी दुय्यम स्रोत आणा, असे उत्तर मिळाले. सप्टेंबर २०१२मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने त्यांचे खुले पत्र प्रसिद्ध केले आणि स्रोत तयार झाला.

आपला नेहमीचा बचाव असा की, पूर्वी येणारे बरे होते, आता येतात ते खोडसाळ. मग दार ओढून घेतले तर काय चुकले? बचाव वजनदार आहे, फक्त तो तपासून झालेला आहे. इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला किमान पाच संपादने करणारे २००७च्या सुरुवातीला ५१ हजारांच्या घरात होते; २०१३च्या उन्हाळ्यात ते ३१ हजारांच्या आसपास आले. एरन हाफकर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवख्यांची सुरुवातीची कामे तपासली. चांगल्या हेतूने येणाऱ्यांचे प्रमाण २००६नंतर फारसे घटलेले नव्हते. वाढले होते ते त्यांचे काम उलटवण्याचे प्रमाण, आणि पहिलेच काम उलटवले गेलेला सहसा टिकत नव्हता. मधल्या काळात २००७चा क्लूबॉट, पाठोपाठ हगल अशी नासधूस झटपट उलटवणारी साधने आपण आणली होती. शिव्या लिहून पळणाऱ्यासाठी ती उत्तमच, फुकट राबणाऱ्या माणसांचे किती तास वाचले असतील! पण त्याच एका कळीने भाबड्या नवख्याचेही काम उलटते, छापील इशारा त्याच्या पानावर जाऊन बसतो, आणि तो ‘का बरे?’ विचारायला येतो तेव्हा पलीकडचा माणूस पुढच्या कळीवर असतो. त्याहून मोठी मेख नियमांच्या पानांत आहे. ती पाने जुन्यांनी लिहिली तेव्हा कुणीही बदलू शकत होते. पुढे नवे लोक त्यांत बदल करू गेले तेव्हा तो वाढत्या प्रमाणात नाकारला गेला. लोकल पकडताना ‘आत सरका हो’ म्हणून ओरडणारा दारातून आत गेल्यावर ‘मागची गाडी रिकामी आहे’ म्हणतो, त्यातला हा प्रकार.

आता दुसरा आक्षेप, आणि हा जरा खरा आहे: नवख्याला काही ठाऊक नसते, त्याने आधी शिकावे, मग बोलावे. अनेक सूचना उथळ असतात, शंभरदा चर्चा होऊन निकालात निघालेल्या असतात, यात वाद नाही. पण साहाय्य पान कुठे गोंधळात टाकते, हे गोंधळलेल्यालाच दिसते. शिकून मुरलेल्याच्या अंगवळणी तो खड्डा पडलेला असतो. २००९मध्ये काही अनुभवी संपादकांनी नवी खाती काढून, नवख्यासारखे ओबडधोबड पण कामाचे लेख टाकून पाहिले. त्यांतल्या काहींवर झटपट ‘काढून टाका’चे शिक्के बसले. या प्रयोगातून निघालेला वाद बघण्यासारखा होता: असे वेषांतर करून सहकाऱ्यांना फसवणे योग्य आहे काय? म्हणजे जुन्या माणसाने आणलेली तक्रारसुद्धा नवख्याच्या वेषात आली की आधी तिच्या वेषावरच कारवाई होते.

दार किलकिले केले तर छत कोसळते, असेही दिसत नाही. २०१२मध्ये नवख्यांच्या प्रश्नांसाठी ‘टीहाउस’ उघडले, तिथे माणूस माणसाला उत्तर देतो. तिथले आमंत्रण मिळालेले नवखे न मिळालेल्यांपेक्षा अधिक टिकले, हे पुढे मोजून दाखवले गेले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, तिथेही चर्चेला चावडी आहे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते आणि चावडीवर नेमाने येणारे मोजके. इंग्रजीला वीस हजार माणसे गमावणे परवडले असेल. इथे ‘पानकाढा’चा साचा लावून एक जरी शुद्धलेखन जाणणारा पळवून लावला, तरी त्याच्या बदली दुसरा मिळत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की, उलटवण्याच्या कळीशेजारी दोन ओळी लिहायला जागा ठेवावी आणि त्या हाताने लिहाव्यात. ही सूचना चर्चा पानावर टाकण्याऐवजी छापायला दिली, कारण छापून आलेले आपल्याला संदर्भ म्हणून चालते.

कळावे, लोभ असावा.