अकलेचे हप्ते

माणसाला अक्कल कधी येते, हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी सासूबाई सोडवत असत. 1988 च्या डिसेंबरात तो संसदेने हाती घेतला आणि आठवड्याभरात निकालात काढला. 15 तारखेला लोकसभा, 20 तारखेला राज्यसभा. मग राज्यांची संमती, 28 मार्च 1989 ला राष्ट्रपतींची सही, आणि घटनेच्या 326 व्या कलमातले मतदानाचे वय 21 जाऊन तिथे 18 आले. ही 61 वी घटनादुरुस्ती. विधेयकासोबत कारणेही जोडली होती. आजचा तरुण शिकलेला आहे, त्याला राजकारणाचे भान आहे, तेव्हा त्याला मनातले बोलून दाखवायची संधी मिळायला हवी.

राजीव गांधींच्या सरकारने ही संधी दिली आणि नोव्हेंबर 1989 मध्ये निवडणूक झाली. 400 हून अधिक जागांचा पक्ष 197 वर आला. नव्या मतदारांनी मनातले नेमके काय बोलून दाखवले ते मतपेट्यांनाच ठाऊक; पण संधी देणाऱ्यांवर घरी बसायची पाळी आली, एवढे खरे.

तेव्हापासून सरकार सावध आहे. अक्कल एकरकमी देत नाही, हप्त्याने देते. सोळाव्या वर्षी बिनगिअरची छोटी दुचाकी. अठराव्या वर्षी गिअरची गाडी आणि देशाचा कारभार कोणाच्या हाती द्यायचा याचा निर्णय. एकविसाव्या वर्षी मुलाला लग्नाची परवानगी आणि नगरसेवकपदाची उमेदवारी. दोन्हींत निभावून न्यावे लागते, म्हणून वय एकच ठेवले असावे. पंचविसाव्या वर्षी आमदारकी, खासदारकी. राज्यसभेला तीस, राष्ट्रपतिपदाला पस्तीस.

महाराष्ट्राने यात स्वतःची भर घातली. इथे बिअरला एकवीस आणि व्हिस्कीला पंचवीस पूर्ण लागतात. म्हणजे विधानसभेत जायचे वय आणि व्हिस्की प्यायचे वय एकच. राज्याने बराच अभ्यास केलेला दिसतो. गोव्यात मात्र अठराच पुरतात. बांद्याचा नाका ओलांडला की पोराच्या अंगात सात वर्षांची अक्कल एकदम भरते आणि परतताना तिथेच गळून पडते.

कॉलेजातली कथा आणखी रंगतदार. अठरा वर्षांच्या मुलाला देशाचा खासदार निवडता येऊ लागला, आणि पाचच वर्षांनी, 1994 च्या विद्यापीठ कायद्याने, महाराष्ट्रात त्याला स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडता येईनासा झाला. कॉलेजच्या निवडणुकांत मारामाऱ्या होत, खूनही पडला होता. त्यामुळे खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणपत्रिका बघून प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. हिंसाचारावर हा रामबाण उपाय होता. तो विधानसभेला का लावला नाही, हे कळत नाही. गुणपत्रिका बघून आमदार नेमले असते, तर निवडणुकीचा खर्चही वाचला असता आणि कितीतरी मंडळी निकालाआधीच नापास झाली असती. पुढे 2016 च्या कायद्याने कॉलेजच्या निवडणुका कागदावर परत आणल्या. 2019 मध्ये त्या होणार होत्या, पण विधानसभेची निवडणूक आडवी आली. मोठ्यांचे लग्न आधी, धाकट्यांचे मग.

महापालिकेत तरी मन मोकळे करावे, तर मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत राहिले. त्या साली अठराचा झालेला मुलगा पदवीधर झाला, तरी वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराबद्दल त्याला मत देता आले नव्हते. देशाच्या परराष्ट्र धोरणाबद्दल मात्र 2024 मध्ये आवर्जून विचारले गेले.

दर 25 जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, व्यासपीठावरून तरुणांच्या उदासीनतेबद्दल हळहळ व्यक्त होते. सोयी किती केल्या! सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करा, वर्षातून चार तारखांपैकी जवळची धरा. 2024 मध्ये पहिल्यांदाच मत देऊ शकणारे 1.8 कोटी होते. त्याच्या आदल्याच वर्षी, 2023 मध्ये, एका संसदीय समितीने सुचवले की लोकसभेच्या उमेदवारीचे वयही अठरा करावे. निवडणूक आयोग म्हणाला, अठराव्या वर्षी एवढा अनुभव आणि परिपक्वता अपेक्षित धरणे वास्तवाला धरून नाही. म्हणजे परिपक्वता लागते ती निवडून येणाऱ्याला. निवडणाऱ्याचे तिच्यावाचून अडत नाही.

उद्या कोणी म्हणेल, ब्राझील आणि ऑस्ट्रियासारखे मतदानाचे वय सोळा करा. करतीलही. मतदार वाढल्याने कोणाला उठावे लागत नाही. लोकसभेच्या खुर्च्या 543 च राहतात आणि त्यांवर बसलेल्यांचे सरासरी वय 56. उमेदवारीचे वय उतरवणे मात्र धोक्याचे. तिथे कोणाचाही पोरगा येऊन उभा राहील. आता जे पोरगे येतात, त्यांना घाई नसते. त्यांची पंचविशी होईपर्यंत वडील जागा धरून बसलेलेच असतात.