बिनभाड्याचे पोटभाडेकरू

डोंबिवलीकराला पाण्याबद्दल मत नसेल तर त्याचं रेशनकार्ड तपासावं. मला तर दोन-तीन मतं होती. टँकरचे पैसे मोजायचे आणि सिंकमधलं पाणी गटाराला अर्पण करायचं, हे मला बघवेना. ते गांडुळांकडून गाळून घ्यायचं आणि मागच्या अळवाला घालायचं, असा बेत मी चहाच्या वेळी जाहीर केला. चिलीत होसे तोहांनी सांडपाण्यासाठी हेच केलं, पुण्यात उदय भवाळकरांनी गांडुळांवर वर्षानुवर्षं काम केलं, हेही सांगितलं.

"ते शास्त्रज्ञ," ही म्हणाली. "तुम्ही बँकेत होतात."

आमचं घर पहिल्या मजल्यावर, निळा ड्रम खाली मागच्या अंगणात. उतार आयता मिळाला. तळाला खडी, त्यावर रेती, वर लाकडाचे छिलके आणि शेणखत, त्यात लाल गांडुळं. पाणी झिरपतं, खरकटं वर अडकतं, जिवाणू ते कुजवतात, गांडुळं खातात आणि खाता खाता भोकं पाडून थरात हवा खेळती ठेवतात. डार्विनने १८८१च्या पुस्तकात नोंदवलंय की पियानो वाजवला तरी त्यांना ऐकू येत नाही. आमच्या घरात रुळायला एवढी पात्रता पुरे.

छिलके जाड हवेत. पण सुताराकडे भुसा फुकट होता, आणि फुकट म्हटल्यावर शास्त्र जरा मागे सरतं.

दिवाळीत चकलीची कढई धुतली गेली. तेल आणि भुसा यांचा असा लगदा बसला की पाणी वरच तुंबलं. गांडूळ श्वास घेतं कातडीतून; बुडालेल्या घरात ते कशाला राहील? रात्रीतून सगळी बिऱ्हाडं बाहेर पडली. तळमजल्यावरच्या काकूंनी रात्री दारात रांगोळीचे ठिपके मांडून ठेवले होते. पहाटे दार उघडलं, तर रेघाही ओढून तयार! आणि त्या सरकत होत्या.

काकूंची किंकाळी मात्र गांडुळं सोडून सगळ्यांना ऐकू गेली. मी अभ्यंगस्नानाच्या अवतारात, तेलकट हातांनी, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात एकेक वेचत होतो. तेलकट हातातून गांडूळ निसटतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

आता ड्रममध्ये छिलके आहेत, विकतचे. फिनेल बंद, ब्लीचिंग पावडर बंद, ताटं आधी वर्तमानपत्राने पुसायची. "सासूबाईंनीसुद्धा इतकी पथ्यं लावली नव्हती," असं ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. अळू मात्र माजलंय. पानं मागायला अख्खी बिल्डिंग येते; काकूही येतात, ड्रमकडे पाठ करून.

परवा सोसायटीच्या सभेत विषय निघालाच. पाळीव प्राण्यांना कमिटीची परवानगी लागते, असा मुद्दा सेक्रेटरींनी मांडला. बरीच चर्चा होऊन ठरलं, की हरकत नाही, पण सभासदाने प्राण्यांची नेमकी संख्या लेखी द्यावी, नर किती आणि मादी किती ते वेगळं. गांडूळ एकाच वेळी दोन्ही असतं, असं मी उभं राहून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "मग दोन्ही रकान्यांत लिहा."