एक जून

घरात कोणी आवाज खाली केला की आमच्या पुतण्याला तहान लागते. वय वर्षं नऊ, हातात पाठकोरी वही, कान रांजणाच्या तोंडाएवढे. आत्याचं पहिलं स्थळ कशावरून मोडलं, दारूबंदीच्या जिल्ह्यात कोण्या काकाच्या उशाशी 'खोकल्याचं औषध' असतं (त्याविषयी मी बोलणार नाही), सगळं वहीत.

सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. टपाल गजाननमहाराजांच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० साली नाव बदललं. हे शाळेत कळल्यापासून त्याचं ठाम मत झालं, की नाव बदललं म्हणजे भानगड आहेच. मग आजीचं माहेरचं नाव सापडलं आणि तिची दोन दिवस उलटतपासणी चालली.

आता आमच्या गावात बापूंच्या मांडीवर बसलेले इतके म्हातारे आहेत की बापूंना सूत कातायला सवड कशी मिळाली, देव जाणे. त्यांत आमचे आबाजीही. चार वर्षांचे होते, बापूंनी गाल ओढला, वगैरे. परवा पोट्ट्यानं ट्रंक उपसली आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन थेट ओसरीवर आला.

"आबाजी, बापू सेवाग्रामातून कधी गेले जी?"

"सेहेचाळीसच्या ऑगस्टात. मंग आलेच नाही." आबाजींना इतिहास चोख पाठ.

"अन् तुमची जन्मतारीख तं १ जून १९४९ आहे."

अडकित्ता सुपारीवरच थांबला.

"अबे, तवा मास्तर अंदाजानं टाकत. अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचाच!"

हे खरंच होतं. पण पोट्टं बोटं मोजत होतं. "म्हंजे तुमी बेचाळीसचे. मंग अठ्ठावनाव्या वर्षी रिटायर व्हाचं, तं तुमी सात वर्षं जास्त नोकरी केली. सरकारले पगार वापस द्या लागन का जी?"

आबाजींनी एकदा मांडीकडे पाहिलं, एकदा पेन्शनच्या पासबुकाकडे. मग कोनाड्यातला गोरसपाकाचा पुडा उघडून, घरात इतर कोणाला कधी न मिळालेले तीन तुकडे त्याच्या हातावर ठेवले. "मास्तरनं बरोबरच लिहिलं असन," ते हळूच म्हणाले.

पोट्ट्यानं तोंड भरलेलं असतानाच वहीत नोंद केली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला. "काहो, मंग पाहाले आले तवा माह्या बाबाले कोणाच्या मांडीचं सांगतलं होतं?"

पोट्ट्याला तहान लागली.