गडावरचा गळ

‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या १९९०च्या संगणक-खेळात नायकाला एक रबरी कोंबडी मिळते. तिच्या पोटात कप्पी बसवलेली. का, ते कुणी सांगत नाही. नायक, म्हणजे गायब्रश थ्रीपवुड, ती मुकाट्याने खिशात कोंबतो आणि पुढे एका बेटावर जायची वेळ आली की तीच कप्पी तारेला अडकवून सुर्रकन पलीकडे जातो. हे मी नको त्या वयात पाहिलं. तेव्हापासून जगात बिनकामाची वस्तू नसते, फक्त तिचा प्रसंग यायचा असतो, अशी माझी पक्की समजूत आहे. आमच्या माळ्यावर मेलेल्या चार्जरांचा खोका आहे तो त्यामुळेच.

त्याच मालिकेतला ‘टेल्स ऑफ मंकी आयलंड’ २००९ मध्ये आला तो पाच भागांत, जुलै ते डिसेंबर. हे भागाभागांचं प्रकरण प्रकृतीला वाईट. एक भाग संपतो, नायकाच्या पोतडीत काहीतरी न वापरलेलं उरतं आणि आपण पुढच्या भागापर्यंत ‘ते कशासाठी असेल’ यावर रवंथ करत बसतो. अशीच एक उपपत्ती मी मध्यरात्री बायकोला उठवून सांगितली होती. ती “बरं” म्हणाली आणि कूस बदलून झोपली. एवढं करून पुढच्या भागात निर्माते बहुतेक वेळा पोतडीच झटकून टाकतात.

तर, अशा माणसाला मित्रांनी भोर-वेल्ह्याचे गड ‘भागाभागांत’ करू या, असं म्हणायला नको होतं. पहिला भाग रोहिडा. पायथ्याच्या बाजारवाडीला जाण्याआधी भोरला चहा प्यायला थांबलो आणि तिथल्या एका जुन्या दुकानात मला गळ दिसला. कोळ्याचा नव्हे, आडाचा. विहिरीत पडलेली घागर काढतात तो, चार बाजूंना चार आकडे असलेला, चांगला वजनदार, लोखंडी. दुकानदाराने विचारलं, “विहीर कुठाय तुमची?” मी म्हणालो, “तिसऱ्या मजल्यावर राहतो.” त्याने मग भाव केलाच नाही, मी दिले तेवढे पैसे घेतले.

रोहिड्यावर गळाचा काही प्रसंग आला नाही. रायरेश्वरावर, जिथे शिवरायांनी १६४५ साली स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते, तिथेही शिडी भक्कम निघाली. प्रत्येक खेपेला गळ सॅकमधून बाहेर यायचा तो फक्त डबा काढताना, आणि बरोबर कुणाचा तरी मोजा घेऊन. मित्रांमध्ये तर्क सुरू झाले. एकाचं म्हणणं, दरोडेखोर आले तर. दुसऱ्याचं म्हणणं, माझी सॅक जड झाल्याने मी हळू चालतो आणि त्यामुळे बाकीच्यांना आपण तंदुरुस्त असल्यासारखं वाटतं, हाच गळाचा उपयोग. हा तर्क मला लागला, कारण तो बिनतोड होता.

तिसरा भाग तोरणा. स्वारगेटहून निघालेल्या एसटीत गळाने सॅकचं कापड भेदून एका आजोबांचं उपरणं धरलं. वेल्ह्यापर्यंत आम्ही दोघं एकमेकांना बांधल्यासारखे बसून होतो. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालंय; आजोबा मात्र मला ‘वेल्ह्याला उतरा’ असंच बजावत होते.) पुढे बिनी दरवाजाच्या अलीकडे, पावसाने निसरड्या झालेल्या कातळावर, बाहेर आलेला तोच आकडा लोखंडी कठड्यात असा अडकला की मला पुढेही जाता येईना आणि मागेही. रविवार. मागे रांग लागली. तेवढ्यात डोक्यावर ताकाचा हंडा घेतलेल्या एक मावशी आल्या. त्यांनी एका हाताने हंडा सावरला, दुसऱ्याने आकडा सोडवला आणि विचारलं, “आडात घागर पडलीया व्हय कुनाची?”

“नाही मावशी, पडली तर.”

“गडावर?” असं म्हणून त्या पुढे गेल्या. मागची रांग बराच वेळ हसत होती.

वर मेंगाई देवीच्या देवळाशी बसून समोरचा राजगड पाहताना मात्र मला धीर आला. तोरण्याची डागडुजी करताना धन सापडलं आणि ते त्या समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला कामी आलं, असं इतिहासात सांगतात. पहिल्या भागात मिळालेली वस्तू दुसऱ्या भागात वापरली आणि त्यातून पंचवीसेक वर्षं राजधानी उभी राहिली! इतका चोख हिशेब मी कुठल्याही खेळात पाहिलेला नाही. महाराजांनी ते धन माळ्यावर ठेवलं नाही, हा भाग मी त्या वेळी सोयीस्करपणे सोडून दिला.

शेवटचा भाग राजगड. गुंजवण्यातून चढून चोरदरवाजातून आत शिरलं की पुढ्यात पद्मावती तळं येतं. तिथे एका लहान मुलाची पाण्याची बाटली हातून सुटली आणि डुबुक करून तळ्यात गेली. पोरगं रडायला लागलं. माझे मित्र एकदम गप्प झाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सॅक उतरवली, गळ बाहेर काढला, वर धरला.

“दोर?” एकाने विचारलं.

दोर नव्हता. गळाला दोर लागतो, हे मला इतक्या गडांवर सुचलं नव्हतं आणि मित्रांपैकी कुणी काढलंही नव्हतं, ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पण थ्रीपवुड अशा वेळी थांबत नाही. मी दोन्ही बुटांच्या नाड्या काढल्या, त्यांना सॅकचा एक पट्टा जोडला, गाठ मारली आणि गळ भिरकावला. गळ छान गेला. नाडी माझ्या हातात राहिली.

पडलेली वस्तू काढायला गळ लागतो. पडलेला गळ काढायला काय लागतं, यावर तळ्याकाठी बरीच चर्चा झाली. दरम्यान वाऱ्याने बाटली तरंगत काठाला आली. मुलाने ती उचलली, पुसली आणि आईला विचारलं, “त्या काकांचं काय पडलं गं?” मी बिननाडीचे बूट फटकारत पाली दरवाजाने उतरलो, चोरदरवाजाची वाट त्या बुटांनी झेपणारी नव्हती.

उन्हाळ्यात गडांवरची टाकी-तळी साफ करायला जी मंडळी हौसेने जातात, त्यांना एक विनंती. पद्मावती तळ्याचा गाळ उपसाल तेव्हा हातमोजे घाला आणि जपून हात घाला. चार आकडे आहेत, चारही शाबूत आहेत. सापडला तर ठेवून घ्या, मला परत पाठवू नका. बायकोचीही तीच इच्छा आहे.