बर्फावर बहिणाबाई

इन्क्रेडीमेल नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. साध्या ईमेलमागे फुलं-फुलपाखरं चिकटवायचं, वर गाणं वाजवायचं. २०२० साली ते बंद पडलं. जळगाव-धुळ्यात कुणाला पत्ताही लागला नाही. ते खातं आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपने केव्हाच सांभाळलं होतं.

भल्या सकाळी फोन किणकिणतो. मागे स्वित्झर्लंडची हिमशिखरं, कोपऱ्यात वाफाळता कप, सोबत बासरी आणि मधोमध पिवळ्या अक्षरांत बहिणाबाई चौधरींची ओवी. बाहेर मे महिना, पारा ४५ कडे निघालेला. पिवळी अक्षरं बर्फात विरघळल्याने ओवी निम्मीच वाचता येते. कधी तर ती बहिणाबाईंची नसतेच, फक्त खाली नाव त्यांचं. जळगावजवळच्या आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी जपल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आल्या. छापणाऱ्यांना बासरी काही सुचली नाही, बिचारे!

ही सुप्रभाताची चित्रं इतकी झाली, की भारतातले फोन का भरतात हे शोधताना गूगललाही हीच सापडली. मग ती हुडकून पुसायची सोय त्यांच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये आली. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जपतात. आमच्या पिढीचे कागद पुसायलाच यंत्र लागतं.

तेव्हा मंडळी, ओवी जरूर पाठवा. पांढऱ्यावर काळी, बिनआवाजाची. आणि ती बहिणाबाईंचीच आहे ना, तेवढं आधी पुस्तकात बघून घ्या.