मुदतीचा माल

औषध वाया घालवणं हे सोम्यागोम्याचं काम नाही. त्यासाठी कारखान्यापासून आपल्या फ्रिजच्या दारापर्यंत सगळ्यांना मनावर घ्यावं लागतं, आणि आपल्याकडे सगळे घेतात.

महिनाअखेरीला टार्गेट अडलं की कंपनीचा माणूस स्टॉकिस्टच्या गळ्यात जादा माल मारतो. स्टॉकिस्ट तोच ‘दहावर दोन फ्री’ म्हणून मेडिकलवाल्याकडे सरकवतो. दोन फुकट मिळत असताना दहा खपतील का, असं विचारणं हा शुद्ध करंटेपणा. सरकारी दवाखान्यांचा मार्च तर याहून पवित्र. निधी परत जाऊ नये म्हणून खरेदी होते. निधी वाचतो, औषध कपाटात निवृत्त होतं. आधी मुदत संपणारं आधी वाटावं, असा गोदामाचा नियम आहे खरा. पण नवे खोके पुढे रचल्यावर मागचे काढणार कोण?

शेवटी माल घरी पोचतो. डॉक्टरांनी सहा गोळ्या लिहिल्या तरी दुकानदार दहाचं अख्खं पाकीट देतो. अँटिबायोटिक असेल तर आपण ताप उतरताच तेही थांबवतो आणि उरलेलं शेजारच्या काकूंच्या सर्दीसाठी राखतो. सर्दी विषाणूंची, गोळी जिवाणूंवरची, असला भेदभाव आपण पाळत नाही.

यातूनही उरलं तर दान आहेच. दान केलेल्या औषधाला किमान वर्षभराची मुदत हवी, घरोघरची उरलीसुरली नकोत, असं जागतिक आरोग्य संघटना 1996 पासून सांगते आहे. पण धर्माच्या गाईचे दात कशाला मोजायचे? मोरीचाही मार्ग आहे. चुकून पोटात गेली तर एका मात्रेनेही जीव जाऊ शकतो अशा 17 औषधांची यादी करून केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2025 मध्ये तेवढीच ओतायला सांगितली. आपण उदार, अठरावंही ओततो.

केरळने त्याच वर्षी कोझिकोडमध्ये घरची जुनी औषधं गोळा करून भट्टीत जाळण्याचा उद्योग मांडला. हे असंच पसरलं तर धंदा कसा चालायचा? मुदत संपलेला माल मेडिकलवाला स्टॉकिस्टकडे धाडतो, स्टॉकिस्ट कंपनीकडे, आणि हिशेबात पैसे वळते होतात. पूर्ण किंमत मोजून घेतलेला माल परत न करणारा या साखळीत एकच भला माणूस आहे: गिऱ्हाईक. सगळ्यांची धाव त्याच्याकडे असते, ती उगाच नाही.