हात लावाल तर नोकरी जाईल
एन्कॅप्सुलेशन म्हणजे झाकली मूठ. कम्पोनन्टच्या पोटात काय चाललंय, ते बाहेरच्याने पाहू नये. जावास्क्रिप्टमध्ये बरीच वर्षं ही मूठ श्रद्धेवरच झाकलेली असे: नावाआधी अंडरस्कोअर लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवाल्यांनी तर आतल्या एका वस्तूचं नावच ठेवलं, ‘गुप्त अंतर्भाग, वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल’. (थट्टा नाही, इंग्रजीत, सगळी कॅपिटल अक्षरं.) ‘येथे थुंकू नये’च्या पाटीखाली भिंत रंगते, तसंच झालं. बाहेरच्या लायब्ररींनी ते लांबलचक नाव बिनचूक टाइप करून हात आत घातलाच. पुनर्वापर, दुसरं काय! २०२४च्या रिअ‍ॅक्ट १९मध्ये पाटी बदलली: ‘वापरू नका, नाहीतर अपग्रेड होणार नाही असं वापरणाऱ्यांना बजावा’. निदान नोकऱ्या तरी वाचल्या.